शपथेनंतरच्या संध्याकाळी

दारू सुटलेल्या माणसानेच दुसऱ्याचा हात धरून त्याला बाहेर काढावे, हा विचार हल्ली आपल्याकडे परदेशातून आलेली नवी पद्धत म्हणून सांगितला जातो. अमेरिकेत अशा सोबत्याला प्रशिक्षण मिळते, प्रमाणपत्र मिळते. २००७ साली तिथल्या मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेने त्याच्या कामाचा मोबदला देण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. पद्धत चांगली आहे आणि तिचा प्रसार व्हावा. पण खानदेशात ती शिकवायला निघालेल्याने आधी तापीकाठचा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा इतिहास वाचावा. धुळे जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत तेव्हा, म्हणजे १९९८ मध्ये नंदुरबार त्यातून वेगळा होण्याच्या कितीतरी आधी, या भागातल्या हजारो माणसांनी दारू सोडली होती. ती सोडायला लावणारे कोणी डॉक्टर नव्हते की सरकारी अंमलदार नव्हते. ती त्यांच्याच पाड्यातली, त्यांच्याच बोलीत बोलणारी माणसे होती. या प्रयत्नांपैकी काही लवकरच विरले, काही पिढ्यान्‌पिढ्या टिकले. दोहोंमधला फरक मला शपथेच्या कडकपणात दिसत नाही. शपथ सगळ्यांनीच मनापासून घेतली होती. शपथेनंतरच्या रोजच्या संध्याकाळी माणसाजवळ कोण बसत होते, यावर पुढचे सगळे ठरले.

भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांत मोहाच्या फुलांची दारू फार जुनी आहे. देवाला तिची धार, लग्नात ती, मयताला ती, पंचांनी भांडण मिटवले की दोन्ही बाजूंनी मिळून प्यायची तीही. तिला वेळ होती, निमित्त होते आणि बरोबर बसणारी माणसे होती. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभारली. तेव्हापासून सरकारी कागदांत भिल्लांचा दारूडेपणा हा त्यांच्या दारिद्र्याचे आयते कारण होऊन बसला. त्याच सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरवला, दारू मध्यवर्ती भट्ट्यांत गाळायला लावली आणि ती विकायचे हक्क मक्तेदारांना दिले. या भागात हे मक्ते बव्हंशी पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. आता दारू वर्षभर मिळू लागली, महाग मिळू लागली आणि उधारीवर मिळू लागली. गुत्तेवाल्याच्या वहीत नाव चढले की पुढे पीक, बैल आणि शेवटी जमीन त्याच वाटेने जाई. मुंबई इलाख्याच्या तिजोरीत जमीनमहसुलाच्या खालोखाल भर अबकारी उत्पन्नाची होती. ज्यांचा कारभार दारूवर चालत होता त्यांच्या तोंडचा दारूविरोधी उपदेश लोकांनी मनावर घेतला नाही, यात लोकांचा दोष नव्हता.

१९२२ च्या अखेरीस चित्र एकाएकी पालटले. पालघरच्या किनाऱ्यावर उठलेली देवीची एक लाट डोंगर चढून बागलाण, डांग, सुरतेचा रानीपरज म्हणजे आदिवासी भाग आणि तिथून नवापूर, नंदुरबार, तळोद्यापर्यंत पसरली. काही ठिकाणी देवीला सालाबाई म्हणत आणि ती साल्हेरच्या डोंगरावरून आली असे मानत. मांडवाखाली गावेच्या गावे जमत, कोणाच्या तरी अंगात देवी येई आणि तिच्या तोंडून आज्ञा निघत: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. काही दिवसांनी ती देवी पुढच्या गावाला पोचवली जाई. कोणी मोठा पुढारी नव्हता, छापील पत्रक नव्हते. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा गावोगाव माग काढला आहे. या विषयावर काही म्हणायचे असेल तर त्या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते. देवी ज्यांच्या अंगात येई ती माणसे बाहेरून आलेली नसत, हे त्यातून स्पष्ट दिसते. कालपर्यंत त्याच गुत्त्यावर जाणारा शेजारी आज सगळ्यांदेखत बोलत असे, आणि ऐकणारेही कालपर्यंत तिथेच जात. पिणाऱ्याला पिणाऱ्याने सांगितले आणि दोघांनी मिळून सोडले. गुत्ते ओस पडले आणि दारूवाले व सरकार दोघेही हादरले.

ही लाट ओसरली. बऱ्याच गावांत वर्षा-दोन वर्षांत पिणे पुन्हा सुरू झाले. दक्षिण गुजरातेत तर समाजच दोन तटांत विभागला: सोडलेले ते वरजेला, पुन्हा वळलेले ते सरजेला. देवी आली आणि गेली, म्हणजे आदिवासींचा भाबडा उत्साह होता, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चुकीचा आहे, कारण देवी सगळीकडे सारखी विरली नाही. दक्षिण गुजरातेतल्याच वेडछीच्या परिसरात चौधरी समाजातल्या पुष्कळ कुटुंबांनी दारूपासून दूर राहणे पुढे कित्येक वर्षे टिकवले. तिथे देवीच्या पाठोपाठ गांधीवादी कार्यकर्ते येऊन स्थायिक झाले, चरखा आला, भजन आले, आश्रमशाळा आली. सोडलेल्या माणसाला संध्याकाळी जायला जागा मिळाली आणि तिथे त्याच्यासारखीच सोडलेली दुसरी माणसे भेटू लागली. देवी पुढच्या गावाला गेल्यावर जिथे मागे असे काही उरले नाही, तिथे माणूस आपल्या शपथेसह एकटा राहिला आणि गुत्ता मात्र होता तिथेच होता. देवी, आज्ञा आणि कडकपणा सगळीकडे तेच होते. फरक पडला तो मागून आलेल्या रोजच्या संगतीचा.

हीच गोष्ट खानदेशच्या हद्दीत पंधरा वर्षांनी अधिक पक्क्या रूपात घडली. तळोदा तालुक्यातल्या मोरवड परिसरातले गुलाम महाराज जन्माने भिल्ल होते. त्यांच्या भोवती आरतीसाठी लोक जमू लागले आणि १९३८ पर्यंत हा जमाव हजारोंचा झाला. दारू नको, मांस नको, चोरी नको, खोटे नको, रोज स्नान आणि आरती, एवढेच शिक्षण. त्याच्या जोडीला एक गोष्ट होती, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. अनुयायांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे. जमीनदारापासून पोलिसापर्यंत ज्यांना सगळे जन्मभर अरे-तुरे करत आले, ती माणसे आता एकमेकांना आदराने हाक मारू लागली, ‘आप की जय’ म्हणून नमस्कार करू लागली. दारू सुटणाऱ्या माणसाला दारूच्या जागी काहीतरी द्यावे लागते, हे आज कोणताही समुपदेशक सांगेल. मोरवडला मान मिळत होता. तो रोज मिळत होता आणि तो देणारा माणूस आपल्याच पाड्यातला होता. सालदाराने सालदाराला दिलेला मान सरकारी दवाखान्यात मिळत नाही आणि मालकाच्या ओट्यावरही मिळत नाही.

गुलाम महाराज १९३८ मध्येच वारले. एका माणसाच्या तेजावर उभे राहिलेले काम त्याच्याबरोबर संपते, हा अशा चळवळींवरचा नेहमीचा आक्षेप. इथे तो लागू पडला नाही. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. एवढी माणसे एका जागी जमतात याची सरकारला धास्ती वाटली आणि रामदास महाराजांना जिल्ह्यातून हद्दपार व्हावे लागले. तरी आरती बंद पडली नाही. ‘आप’ परिवार आजही आहे आणि मोरवडला आजही लोक जमतात. देवीची लाट गावातून निघून जाणारी होती, आरती मात्र ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, पुन्हापुन्हा होणारी होती. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला अशी ठरलेली वेळ जेवढी उपयोगी पडते तेवढे एखाद्या दिवसाचे भारावलेपण पडत नाही.

यावर एक भारदस्त आक्षेप येतो आणि त्याला बगल देता येत नाही. समाजशास्त्रज्ञ म्हणतील की हे व्यसनमुक्तीचे काम नव्हतेच. खालच्या मानलेल्या जमातींनी वरच्या जातींचे आचार उचलून प्रतिष्ठा मिळवण्याची ही धडपड होती, एम. एन. श्रीनिवास ज्याला संस्कृतीकरण म्हणत त्याचाच हा एक प्रकार. दारूबरोबर मांसही सोडायला सांगितले होते, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. शुद्धतेच्या कल्पनेने नवे सोवळे निर्माण झाले हेही खरे. ज्याने सोडली नाही तो अशुद्ध, त्याच्या घरचे खायचे नाही, अशी भिंत उभी राहिली की ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज तोच बाहेर फेकला जातो. हा दोष मी झाकणार नाही. पण हार्डिमन यांनीच दाखवले आहे की लोकांच्या मनात ब्राह्मण होण्याची हौस कमी आणि दारूवाल्याच्या व सावकाराच्या मुठीतून सुटण्याची इच्छा अधिक होती. शिवाय हेतू प्रतिष्ठेचा होता म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. आज जळगावात किंवा धुळ्यात जो माणूस दारू सोडतो तोही बहुधा बायकोच्या, मुलीच्या, गल्लीच्या नजरेत पुन्हा उभे राहण्यासाठीच सोडतो. त्याच खानदेशात माळ घालून वारीला जाणाऱ्या कुणब्याची दारू सुटते तेव्हा आपण हेतूची एवढी चिकित्सा करत नाही. मग भिल्लाच्या आरतीचीच का करावी?

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. सोबती म्हणजे स्वतः व्यसनातून गेलेला माणूस, आणि तो एका माणसाशी काम करतो. इथे तर सगळे गाव एकदम सोडत होते, त्यात पिणारे किती आणि व्यसनी किती कोण जाणे. हे मान्य. पण जगात इतरत्रही या कामाचा उगम असाच सामूहिक आहे. १७९९ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सेनेका जमातीतला हँडसम लेक हा दारूने अंथरुणाला खिळलेला माणूस दृष्टान्तानंतर उठला आणि आपल्या लोकांना दारूपासून सोडवू लागला. जमीन हातची गेलेली, व्यापारी दारू ओतताहेत, अशा समाजातली ही गोष्ट सातपुड्यापेक्षा फार वेगळी नाही, आणि त्याचा उपदेश त्या समाजात आजही सांगितला जातो. उलट १८४० मध्ये बाल्टिमोरच्या सहा दारूबाजांनी सुरू केलेली वॉशिंग्टोनियन सभा पाहावी. व्यासपीठावर उभे राहून आपली कहाणी सांगायची, शपथेवर सही करायची. थोड्याच काळात शपथ घेणाऱ्यांची संख्या लाखांवर गेली आणि दहा वर्षांच्या आत चळवळ जवळपास संपली. शपथ भरपूर आणि त्यानंतरची बांधणी तोकडी, हेच देवीच्या बाबतीत झाले होते. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन दारूड्यांनी एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू केली, तेव्हा तिने जन्मभराची शपथ बाजूला ठेवली, आजच्या दिवसापुरते बोलली आणि सभेला पुन्हा येण्यावर भर दिला. ती संघटना १९५७ मध्ये मुंबईत पोचली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांच्या साथीने मुक्तांगण उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा आधार मिळाला. तिथेही बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांतूनच पुढचे कार्यकर्ते घडत गेले आणि घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला उपचाराइतकेच वजन मिळाले. तळोद्याच्या आरतीने हे पुस्तकाविना साधले होते.

सरकारनेही आपल्या परीने प्रयत्न केला. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, १९४९ च्या कायद्याने ती प्रांतभर गेली आणि साठीच्या दशकात महाराष्ट्राने ती सैल केली. खानदेशापुरते बोलायचे तर बंदीने गुत्ता गेला आणि हातभट्टी आली, एवढे म्हणून पुढे जाता येते. बंदीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की दारू हाताशी नसेल तर सोबत्याचे काम निम्मे होते. ते खरे आहे. गुत्ता समोर असताना सोडणे कठीण आहे, आणि गावातले दुकान मतदानाने बंद करायला निघालेल्या बायकांच्या पाठीशी मी आहे. फक्त उरलेले निम्मे काम कोणताही कायदा करत नाही.

शहाद्यात हे फार स्पष्ट दिसले. अंबरसिंग सुरतवंती हा भजने गाणारा तरुण भिल्ल कार्यकर्ता सर्वोदयाच्या वाटेने आला आणि हातच्या गेलेल्या जमिनींच्या लढ्याचा पुढारी झाला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. त्या सुमारास आदिवासी बायका गावोगाव निघाल्या आणि दारूची मडकी फोडू लागल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघींत जाब विचारू लागल्या. एका गावच्या बायका पुढच्या गावी जात आणि तिथल्यांना बरोबर घेऊन पुढे निघत. या स्त्रिया स्वतः व्यसनी नव्हत्या, पण दारूचे दुःख त्यांनी सर्वांत जवळून भोगले होते. त्या अर्थाने त्याही एकमेकींच्या सोबतीच होत्या. मालकाने उचल देताना दारूही पुढे करावी आणि मजूर बांधून ठेवावा, हा व्यवहार त्यांनी उघड केला. त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि मुक्तीच्या या इतिहासात मी त्यांना अग्रभागी ठेवतो. तरीही एक उणीव दिसते. मडके फुटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या पुरुषाचे हात कापत होते त्याच्याजवळ बसणारे त्या मोर्च्यात कोणी नव्हते, आणि ते काम त्या बायकांचे नव्हतेही. ते पुरुषांनी पुरुषांसाठी करायचे होते. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. संघटनेपुढे जमीन आणि मजुरीचे प्रश्न एवढे होते की सोडलेल्या पुरुषांची अशी फळी उभी करायला तिला उसंत मिळाली नाही.

कापणाऱ्या हातांमुळे डॉक्टरांचा आक्षेप येतो आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम, भास, ताप असे होऊन जीवही जाऊ शकतो. आरती, भजन किंवा सोबत्याचा शब्द हे यावर औषध नाही. देवीच्या मांडवाखाली एका दिवसात सोडलेल्यांपैकी काहींनी हे भोगले असणार, त्याची नोंद कोण ठेवणार होते? म्हणून पहिला आठवडा दवाखान्याचाच, धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जवळच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयाचा. सोबत्याचे पहिले कर्तव्य माणसाला तिथवर पोचवणे हेच आहे, आणि मांत्रिकाकडे वा ‘एका गोळीत दारू बंद’वाल्याकडे जाऊ न देणे हे दुसरे. पण आठवड्यानंतर रुग्णालय त्याला घरी पाठवते. पुढची वर्षे घरी, शेतात आणि बाजाराच्या दिवशी गावातच जातात, तिथे डॉक्टर नसतो.

पुन्हा पिणे सुरू होणे हे अपयश मानायचे का, यावर या इतिहासाने मोठी चूक केली आहे. सरजेला ठरलेल्याशी रोटीव्यवहार तुटला आणि त्याला परत येण्याचे दार राहिले नाही. आजच्या व्यसनमुक्तीच्या कामाने याच्या उलट शिकवण दिली आहे: घसरणे हा या आजाराचा भाग आहे, घसरलेल्याला परत घेणे हा उपचाराचा. सोबतीच घसरला तर काय, असेही विचारले जाते. घसरतो, काही वेळा घसरतोच. म्हणून एका सोबत्यावर काम उभे करू नये, पाच-सहांच्या जुळलेल्या गटावर करावे, म्हणजे एकाचा तोल गेला तर बाकीचे त्याला धरतील. भजनी मंडळात टाळकऱ्यांपैकी एखादा गैरहजर राहिला म्हणून भजन थांबत नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलातरी उपचार मिळालेला, असे त्यात दिसले. उरलेल्या ३७ जणांपर्यंत मानसोपचारतज्ज्ञ पोचतील असे मानायला कोणताही आधार नाही. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या रचनेत काही काळ निर्व्यसनी राहिलेल्या माजी व्यसनी कार्यकर्त्याची जागा धरलेली आहे, समाजातल्याच सोबत्यांमार्फत काम करण्याची योजनाही आहे. कागद योग्य दिशेने लिहिला गेला आहे. खानदेशात त्याचा कस लागतो तो भाषेवर आणि अंतरावर. शहादा, धडगाव, अक्कलकुव्यात, शिरपूरच्या डोंगरात, चोपडा-यावलच्या सातपुड्यात पावरी, भिली आणि तडवी घरांतली बोली चालते, खाली मैदानात अहिराणी आणि लेवा गणबोली. प्रमाण मराठीत बोलणारा पदवीधर समुपदेशक जिल्ह्याच्या गावी बसून या माणसाच्या संध्याकाळी सांभाळू शकणार नाही. आठवीपर्यंत शिकलेला, चार वर्षे न प्यालेला, त्याच पाड्यात राहणारा पावरा सांभाळू शकेल. त्याला मानधन द्यायला हवे आणि ते वेळेवर द्यायला हवे, कारण रोजगारावर पाणी सोडून तो दुसऱ्याच्या दारात बसणार आहे. झटके कसे ओळखायचे आणि कोणत्या रात्री वाट न पाहता गाडी बोलवायची, हे त्याला शिकवायला हवे. मोरवडची परंपरा, गावातले माळकरी आणि बचतगटातल्या बायका यांच्याशी त्याचे नाते जुळवून द्यायला हवे. आणि त्याची निवड करताना पाड्याला विचारायला हवे. सोडू पाहणारा माणूस रात्री कोणाचे दार ठोठावेल, हे पाड्यात सगळ्यांना माहीत असते.